1801 चा सेंट ओळखताना: माझा अनुभव

फिलाडेल्फियाजवळच्या एका नाणे-प्रदर्शनात झिजलेल्या तांब्याच्या नाण्यांचा डबा चाळताना 1801 चा मोठा सेंट (अमेरिकेचं जुनं तांब्याचं नाणं, डॉलरचा शंभरावा भाग) हाती लागला. आजच्या सेंटच्या साधारण दीडपट रुंद, काळपट चॉकलेटी, नाण्यावरच्या लिबर्टी या स्त्रीप्रतिमेच्या केसांच्या बटा पार सपाट. विक्रेत्याने पाकिटावर फक्त साल लिहिलं होतं. नाणं कोणत्या ठशाचं, म्हणजे नाणं पाडायच्या कोणत्या पोलादी साच्यातून निघालेलं, हे शोधायची हौस होती म्हणूनच मी ते घेतलं.

त्या काळी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत ठसे बरेचसे हातानेच तयार होत. चेहऱ्याचा साचा तयार असे, पण अक्षरं, आकडे, पानांच्या माळेचे देठ हे सगळं कारागीर एकेक करून पोलादावर उमटवी, तेही उलटं. त्यामुळे दोन ठसे हुबेहूब एकसारखे निघणं जवळपास अशक्यच. 1796 च्या एका ठशावर LIBERTY या शब्दातला बी आधी उलटा ठोकला गेला आणि मग दुरुस्त केला. तो आता एचसारखा दिसतो. 1793 ते 1814 मधल्या सेंटच्या अशा ठशांच्या जोड्यांना (एक दर्शनी, एक मागचा) शेल्डन क्रमांक असतात. (ज्याच्या नावाचे हे क्रमांक, त्या विल्यम शेल्डनने न्यू यॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी काढून त्याजागी हलकी ठेवली होती, हे त्याच्या पश्चात उघड झालं. नंबर मात्र आम्ही अजून त्याचेच वापरतो!)

घरी आल्यावर पहिला नियम पाळला: नाणं घासायचं नाही. आईच्या हाती पडलं असतं तर चिंचेने लख्ख झालं असतं आणि त्याची किंमतही धुऊन गेली असती. शिवाय अक्षरांभोवती साचलेला काळा मळच अक्षरं वाचायला मदत करतो. खोलीतले दिवे बंद केले, एकच टेबललॅम्प अगदी खाली, बाजूला ठेवला, आणि दहापट भिंगाखाली नाणं हळूहळू फिरवत राहिलो. समोरून प्रकाश पडला की झिजलेलं नाणं नुसतं गुळगुळीत दिसतं. तिरप्या प्रकाशात एका विशिष्ट कोनाला गेलेली अक्षरंसुद्धा उठून दिसतात.

मी मागच्या बाजूपासून सुरुवात केली. माळेच्या खाली अपूर्णांक असतो, 1/100. माझ्या नाण्यावर छेदातला पहिला आकडा गोल दिसत होता. म्हणजे 1/000? इथेच उडी मारून चालत नाही. एक तर झीज डोळ्यांना फसवते, आणि दुसरं म्हणजे 1/000 ची चूक 1801 च्या एकाहून अधिक प्रकारांत आहे, 1802 मध्येही आहे. म्हणून देठांकडे वळलो. रिबिनीच्या गाठीपाशी माळेची दोन टोकं येतात आणि प्रत्येकाला छोटासा देठ हवा. नाणं पूर्ण फिरवून पाहिलं तरी देठ एकच. दुसऱ्या जागी खरवडल्याची खूण नाही, खड्डा नाही, पृष्ठभाग सलग. तेव्हा तो झिजून गेलेला नव्हता, ठशावर मुळातच नव्हता.

राहिला मागच्या बाजूवरच्या देशाच्या नावातला 'युनायटेड' (UNITED) हा शब्द. त्यातला यू खालून जोडलेला हवा, पण इथे दोन उभे दांडे शेजारी शेजारी, अगदी दोन आय असावेत तसे. ही खूण पटायला सर्वात जास्त वेळ लागला, कारण काठाला मार बसून ते अक्षर थोडं दबलं होतं. मोबाइल भिंगाला लावून फोटो काढला आणि चांगल्या स्थितीतल्या नाण्याच्या चित्राशेजारी ठेवला. दांड्यांची जाडी, शेजारच्या एनपासूनचं अंतर, सगळं जुळलं.

तिन्ही चुका एकाच मागच्या ठशावर आहेत, आणि तो ठसा एकाच दर्शनी ठशाबरोबर वापरला गेला. त्यामुळे पुढची बाजू इतकी झिजलेली असूनही प्रश्न सुटला: एस-219, म्हणजे शेल्डन क्रमांक 219. सालाच्या आकड्यांमधली अंतरं तरीही पडताळून घेतली. एका बाजूवर विसंबून लेबल लिहायचं माझ्या जिवावर येतं.

पाकिटावर आता सालाखाली क्रमांक आणि तिन्ही खुणा पेन्सिलीने लिहिल्या आहेत. त्याच डब्यातून 1798 चाही एक घेतला होता. त्या सालाचे प्रकार कितीतरी जास्त, आणि माझ्या नाण्यावर अपूर्णांक पूर्ण गेलेला.