चाकोरीतून

'चाकोरीबाहेर पडा' असा सल्ला देणारी माणसं बैलगाडीच्या वाटेवरून कधी सायकलनं गेलेली नसावीत. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कुंडल भागात, पाणंदीत म्हणजे शेतांमधल्या कच्च्या गाडीवाटेत, चाकोरीबाहेर पडलं की मधल्या गवताळ वरंब्यावर पेडल आपटतं, नाहीतर कडेच्या घाणेरीत कोपरापर्यंत हात ओरबाडून निघतो. चाकोरी म्हणजे चाकांनी वर्षानुवर्षं पाडलेली वाट. पूर्वी गाडीच्या चाकांना लोखंडी धाव असायची, तेव्हा ती अरुंद आणि खोल पडायची. आता बहुतेक सगळ्या टायरगाड्या, शिवाय ट्रॅक्टर, त्यामुळे ती वीतभर रुंद आणि सपाट झाली आहे. माझ्या सायकलचा टायर चाळीस मिलिमीटरचा. तो या चाकोरीत असा बसतो की जणू गाडीवानानं माप घेऊनच ठेवली होती.

ही सायकल म्हणजे ग्रॅव्हल बाईक, खडी-मातीच्या वाटांसाठी केलेली. शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, टायर मात्र जाड आणि किंचित नक्षीचे. डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गिअर, आणि बहुतेकींना शॉक-अप्सर नसतातच. ते काम टायरमधली हवा करते. डांबरावरच्या बारीक टायरात ऐंशी-शंभर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासून भरायची, यात पस्तीस-चाळीस. हवा कमी म्हणजे टायर दगडावरून उडत नाही, दगडाला पोटात घेतो. पहिल्यांदा हवा कमी केली तेव्हा पंक्चर झाल्यासारखंच वाटलं. पाव किलोमीटर गेल्यावर लक्षात आलं की आतापर्यंत मनगटं उगीचच बडवून घेत होतो.

नव्या नावाची ही सायकल जे करते ते आमच्याकडच्या दूधवाल्यांनी तिच्याशिवायच केलं. घोडानळीच्या ब्रेकची सायकल, कॅरिअरला दोन्हीकडे लटकवलेल्या दुधाच्या किटल्या, हँडलला कापडी पिशवी, आणि पहाटे पाचला याच पाणंदीतून डेअरीपर्यंत. गिअर नाही, हेल्मेट नाही. दूध सांडलं तर मात्र घरी बोलणी. तसा सायकलचा या मुलखाशी आणखी एक धागा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं नांगराकडं वळले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, तेव्हाच्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणि गाव वसवलं. तेच आजचं किर्लोस्करवाडी. नांगराच्या तासात, म्हणजे नांगरानं पाडलेल्या सरीत, रुतलेलं पुढचं चाक उपसून काढताना मला दर वेळी हा प्रवास आठवतो.

माझी रविवारची फेरी चाळीसेक किलोमीटरची. पलूसमधून निघायचं, द्राक्षबागांमधून कॅनॉल गाठायचा, त्याच्या पट्टीनं जमेल तितकं जायचं, मग पाणंदी बदलत बदलत सागरेश्वरच्या डोंगराखाली. डांबर लागतं ते ओलांडण्यापुरतं. हे जमवायला मला दोन वर्षं लागली. मोबाईलच्या नकाशावर पाणंद धडपणे दिसत नाही. दिसली तर ती पुढं कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन संपते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस यासाठी सगळ्यात बरे. बागांची छाटणी झालेली असते. बायका ओळीनं उभ्या राहून काड्यांना पेस्ट लावत असतात, हातात मोजे आणि तोंडाला बांधलेली ओढणी. उसाला तुरे येऊ लागलेले, गळीत हंगामाच्या तोंडावर तोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या राहू लागलेल्या. आणि मुरूम बसलेला. हे 'बसणं' महत्त्वाचं. नवा टाकलेला मुरूम वाळूसारखा चाकाखालून सरकतो. पावसाळा खाऊन, त्यावरून दोन-चार ट्रॅक्टर जाऊन तो घट्ट झाला की त्यावर टायरचा एक आवाज येतो, 'चर्रर्र', कढईत कांदा पडल्यावर येतो त्याच्या जवळचा, पण न थांबणारा. आवाज बदलला की खाली काय बदललं ते बघण्याआधी कळतं. 'खुळ्ळ' झालं तर सुटी खडी, ब्रेक धरायचा नाही. 'फस्स' झालं तर ओली माती. काहीच आवाज आला नाही तर पाचट, आणि पाचटाखाली काय आहे ते देवाला ठाऊक.

गाड्यांची वर्दळ नसते म्हणून या वाटांवर यायचं, हे खरं. पण वर्दळ अगदीच नसते असं नाही. शेरडं असतात, म्हशी असतात. म्हैस वाट अडवून उभी राहते आणि घंटी वाजवली तर मान वळवून असं बघते की आपणच ओशाळून उतरतो. धनगरांची मेंढरं आडवी आली तर पाच-सात मिनिटं गेली म्हणून समजा. मेंढरांबरोबर कुत्री असतात. तिथं शौर्य दाखवू नये. उतरावं, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरावी आणि गप चालत जावं. हे ज्ञान मला एका फाटलेल्या ट्रॅकपँटच्या मोबदल्यात मिळालं.

आबा भेटले ते अशाच एका वाटेवर. कॅनॉलला पाण्याची पाळी आलेली, त्यांच्या शेतात पाणी सुरू होतं आणि ते बांधावर फावडं टेकून बसले होते. माझ्या मागच्या चाकात वेड्या बाभळीचा काटा गेला होता. टायरमध्ये पंक्चर बुजवणारं पांढरं द्रावण असतं, ते भोकातून फसफसत बाहेर येत होतं आणि मी चाक गोल गोल फिरवत बसलो होतो.

"दूध गळतंय व्हय सायकलचं?" आबा म्हणाले.

मी समजावून सांगितलं. मग ठरलेला प्रश्न आला, "केवढ्याला पडली?" या प्रश्नाला मी खरं उत्तर कधीच देत नाही. घरीसुद्धा दिलेलं नाही. "जुनीच घेतली, आबा, वीसेक हजारात."

"वीस हजारांत तीन शेळ्या आल्या असत्या," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण शेळीवर बसता येत न्हाई म्हणा."

बोलता बोलता मी म्हणून गेलो, की ही पाणंद फार झकास आहे, अशी वाट आता राहिली नाही कुठं. आबांनी माझ्याकडं नीट बघितलं. या झकास पाणंदीनं त्यांच्या उसाचं काय होतं ते त्यांनी सांगितलं. तोड आली आणि अवेळी पाऊस पडला की ट्रॅक्टर आत येत नाही. आला तर रुततो, मग तो काढायला दुसरा ट्रॅक्टर. टोळी डोक्यावरनं मोळ्या वाहायला जास्तीचे पैसे मागते, आणि मागणारच, राडीतनं मोळी नेणं काय सोपं आहे? नाहीतर ऊस उभा राहतो आणि वजन घटत जातं. मागच्या पावसाळ्यात घरातल्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं होतं, तर तिला खुर्चीत बसवून डांबरापर्यंत चौघांनी उचलून नेलं. "आन् तुम्ही म्हणताय झकास."

पाणंद अरुंद का झाली हेही त्यांनी सांगितलं, आणि त्यात स्वतःला सोडलं नाही. प्रत्येक जण नांगरताना एक तास बांधाकडं सरकतो. बांध कोरायचा, मग बांधापलीकडची वाट कोरायची. गावच्या नकाशावर गाडी जाईल एवढी रुंद असलेली पाणंद अशी दोन्हीकडून खात खात सायकलपुरती उरते. "माज्या बानं कोरली, मीबी कोरली," आबा हसले. म्हणजे माझा रविवार दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या भावकीतून सुटून माझ्या वाट्याला आलेला होता.

माझी बाजू मांडायची म्हणून मी इटलीतली गोष्ट सांगितली. तिथं टस्कनी म्हणून भाग आहे, पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते आहेत. ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ पासून लोक जुन्या सायकली घेऊन त्यांवरून मोठी फेरी काढतात. आता जगभरातून माणसं जातात, पैसे भरून.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडं ऊस असतो का?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. नुसतंच चाक फिरवलं. भोक बुजलं होतं.

काळ्या मातीचा माझाही एक अनुभव आहे, तो आबांना सांगितला नाही. जुलैमध्ये हौसेनं निघालो होतो. मुरूम संपून शेतातली माती लागली आणि दहा-पंधरा फुटांत दोन्ही चाकं फिरायची थांबली. माती टायरला, टायरची माती फ्रेमला, आणि तीत पाचट कालवलेलं, जणू भिंत लिंपायचा गारा. काटकीनं काढायची, पाच पावलं जायचं, परत तेच. शेवटी पाऊण किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन चाललो. दहा-अकरा किलोची सायकल मातीसह पंधरा-वीसची झाली होती. त्या दिवशी डांबर दिसलं तेव्हा नमस्कार करायचा बाकी ठेवला. पण सुकल्यावर माणूस विसरतो.

आबांचा निरोप घेऊन सागरेश्वरच्या बाजूला लागलो की चढ सुरू होतो आणि उसाची हद्द खाली राहते. हे जंगल आपोआप उगवलेलं नाही. बोडके डोंगर होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी झाडं लावायचं मनावर घेतलं, वन खातं सोबत आलं, हरणं आणून सोडली, आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, चहूकडून कुंपण, आत चितळ, सांबर, काळवीट. मी कुंपणाबाहेरच्या वाटेनं जातो. सकाळी लवकर गेलं तर जाळीपलीकडं चितळं उभी असतात. सायकलला इंजिन नसल्यामुळे ती लगेच पळत नाहीत. कान फिरवतात, पुढचा एक पाय हळूच उचलून तसाच धरतात. आपणही पेडल मारायचं थांबवावं तर मागच्या चाकाची टिकटिक सुरू होते, आणि तिनं बिनसतं. पेडल मारत राहणं हेच जास्त गप असतं, हे उशिरा कळलं. पायथ्याच्या शेतकऱ्यांना ही चितळं एवढी गोड वाटत नाहीत. जाळीतून बाहेर पडली की ती रानात चरतात. इथंही माझी मौज आणि कुणाचं तरी पीक शेजारी शेजारीच.

खिंडीजवळ जुन्या शिवमंदिरांचा समूह आहे. तिथं पाणी भरून घेतो. तिथून खाली बघितलं की कृष्णेचं खोरं दिसतं, हिरव्या उसात कुठं कुठं नदीचा वाकडा तुकडा चमकतो. पलीकडं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. खाली ताकारी, जिच्या नावाची उपसा योजना कृष्णेचं पाणी डोंगर चढवून पलीकडच्या कोरड्या रानात नेते. चढ चढून आल्यावर धापा टाकत हे आठवलं की त्या पाण्याबद्दल जिव्हाळा वाटतो.

गेल्या रविवारी परत येताना आबांच्या पाणंदीच्या तोंडाशी खडीचे ढीग दिसले. पाणंद रस्त्यांची सरकारी योजना आहे, मातोश्रीच्या नावाची, तीत ही वाट बसली म्हणे. मोजणी झाली, दोन्ही बाजूंनी कोरलेलं थोडंफार परत सोडलं गेलं. त्यावरून एक भांडणही झालं. आबा ढिगाशेजारी उभे होते, पांढरी टोपी आणि धुतलेला सदरा. बांधावर मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"आता तुमच्या सायकलीलाबी बरं पडंल," ते म्हणाले.

"व्हय की, आबा," मी म्हणालो.

मग चाकोरीतून निघालो आणि ढीग मोजत गेलो. सत्तेचाळीसपर्यंत मोजले. अठ्ठेचाळिसाव्यावर एक शेळी चढून उभी होती. तिच्याकडं बघताना पुढचं चाक चाकोरीतून सुटलं आणि मी घाणेरीत गेलो.