पीडीएफ का पाठवत नाही, ते तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, तुमच्या कृतिसंशोधनाची पीडीएफ पाठवता का?" हा मेसेज मला सतत येतो. शिक्षकांच्या नवोपक्रम स्पर्धेची तारीख जवळ आली की जास्तच येतो, काही जण वर नमस्कार लिहितात, काही तेवढंही नाही. मी पाठवत नाही, मग मागून ऐकू येतं की मॅडमना भाव चढलाय. तर एकदाच सविस्तर सांगते.

कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवर उपाय करून तो तपासणं, याहून जास्त सांगत बसत नाही, डीएड-बीएड केलेल्या प्रत्येकाने ते एकदा तरी लिहिलंय किंवा लिहून घेतलंय. मीही बीएडला केलं होतं. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, मध्यमान, टी-मूल्य आणि शेवटी "लक्षणीय फरक दिसून आला". फरक दिसून आला नाही असं लिहिलेला एकही अहवाल मी आजवर पाहिलेला नाही. त्या वेळच्या माझ्याशी माझं अजून भांडण होतं. ती म्हणते, अगं मला निदान मार्क मिळाले, बाइंडिंग केलेली प्रत लायब्ररीत लागली, तू एवढी वर्षं वह्या चाळतेस, तुला काय मिळालं? तिला द्यायला माझ्याकडे धड उत्तर नाहीये.

कर्ट लेविन या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये या नावाने पेपर लिहिला तेव्हा त्याच्यासमोर शाळा नव्हतीच, समाजगटांमधले ताण होते. त्याचं म्हणणं साधं होतं, ठरवा, करा, काय झालं ते तपासा, त्यावरून परत ठरवा, म्हणजे गोल जिन्यासारखं फिरत फिरत वर जायचं. पुढे १९५३ च्या सुमारास स्टीफन कोरी वगैरे शिक्षणतज्ज्ञ मंडळींनी अमेरिकेत ते शाळांमध्ये नेलं. आपल्याकडे मात्र जिना पहिल्याच मजल्यावर संपतो, कारण अहवाल मार्चच्या आत जमा करायचा असतो.

माझा प्रश्न होता भागाकाराचा. शाळा नवी मुंबईत तुर्भ्यातली, पोरं तुर्भे स्टोअर, हनुमाननगर, इंदिरानगर भागातली, बऱ्याच जणांचे आईवडील मार्केटात नाहीतर एमआयडीसीत. पाचवीत आली तरी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही, ही आमचीच तक्रार आहे असं नाही. असर म्हणजे मुलांना वाचन-गणित किती येतं याची पाहणी, तिच्यात २०२४ मध्ये देशभरातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांनाच हा भागाकार जमला. असर ग्रामीण भागाचं असतं, आमची तुर्भ्याची पोरं त्यात नाहीत, पण चित्र वेगळं असेल असं मला वाटत नाही.

मी चुकलेली गणितं वेगळी काढायला लागले. नुसतं चूक-बरोबर नाही, काय लिहिलंय ते. ६१२ भागिले ६ चं उत्तर अर्ध्याहून जास्त वह्यांत १२ होतं. एका पोराला जवळ बोलावलं, वडील कांदा-बटाटा मार्केटला हमाली करतात, सुट्टीत हाही जातो. त्याला म्हटलं, सहाशे बारा रुपये सहा हमालांत वाटायचेत, किती किती देशील? पेन न उचलता म्हणाला, शंभर शंभर आणि वर दोन दोन. मग इथे काय लिहिलंयस? त्याने वहीकडे बघितलं आणि म्हणाला, "ते वहीतलं आहे, बाई."

हे वाक्य मी त्या दिवशीच्या पानावर सगळ्यात वर लिहिलं. मग मोबाईल रेकॉर्डिंगवर ठेवून स्वतःचाच तास ऐकला. मी फळ्यावर काय बोलते? "सहा एके सहा, शून्य उरले, एक खाली घेतला, एकला सहाने भाग जात नाही, मग पुढचा दोन खाली घ्या, बारा, सहा दुणे बारा." भाग जात नाही आणि पुढचा खाली घ्या, याच्या मधे वर शून्य मांडायचं असतं, ते मी हाताने मांडत होते पण तोंडाने म्हणत नव्हते. पोरं हात बघत नाहीत, चाल पाठ करतात. आता ही चाल माझ्या एकटीची नाही, मी शाळेत असताना माझ्या बाईंनीही अशीच म्हटली असणार. म्हणून मी ठरवलं की खालच्या वर्गांत काय म्हटलं जातं तेही ऐकू. मुख्याध्यापकांना विचारलं, चौथीच्या सरांना विचारलं, सर म्हणाले या की, बसा. मी जाऊन बसले आणि लिहून घेतलं.

आता तो दिवस. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षकांची शिक्षण परिषद होती, केंद्रप्रमुखांनी मला पंधरा मिनिटं दिली होती. पहिल्या पानावर माझी स्वतःची वाक्यं होती, तारखेसकट. दुसऱ्या पानावर चौथीच्या तासातली, नाव कुणाचंच नाही. तिसऱ्यावर पोरांच्या वह्यांचे फोटो. प्रोजेक्टर उशिरा लागला म्हणून मला सांगण्यात आलं की सुरुवात सोडा, मुद्द्यावर या. मी पहिलं पान पुढे ढकललं. दुसरं पान पडद्यावर आलं आणि मागच्या रांगेतून सर उभे राहिले. त्यांना स्वतःचं बोलणं ओळखू येणारच. पडद्यावर "बाकी उरली तर उरू दे, पुढे चला" हेसुद्धा होतं, ते ते दिवसातून दहादा म्हणायचे. कुणीतरी हसलं. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, मला वाटलं तुम्ही शिकायला बसलात. तुम्ही तर पंचनाम्याला बसला होतात." मी म्हटलं सर, आधीचं पान माझंच आहे, दाखवते. माउस हलेना. तोवर सर बोलत सुटले, की वर्गात पोरं किती, त्यातली किती गावाला जाऊन दिवाळीनंतर उगवतात, बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम कुणाच्या गळ्यात आहे, घरोघर कोण फिरतंय, हे पण लिहिलंय का वहीत? लिहिलं नव्हतं. खोलीतले निम्मे लोक माना डोलवत होते, कारण ते खरंच होतं. शेवटी पहिलं पान पडद्यावर आलं तेव्हा लोक चहाला उठले होते. एका अधिकाऱ्यांनी जाता जाता खांद्याजवळ येऊन सांगितलं, छान काम आहे, पण निष्कर्ष जरा सकारात्मक करा आणि टक्केवारी टाका.

त्यानंतर सर माझ्याशी कामापुरतं बोलायचे. डबा खायला वेगळ्या वेळी बसायचे. पुढच्या वर्षी रिटायर झाले, निरोपसमारंभात मला सूत्रसंचालन होतं, त्यांनी माझं नाव घेऊन आभार मानले आणि ते मानताना माझ्याकडे बघितलं नाही.

लोक म्हणतात परिषदेआधी त्यांना ते पान दाखवायला हवं होतं. मी पण रात्री-अपरात्री हे स्वतःला म्हणून बघितलंय. पण दाखवलं असतं तर ते म्हणाले असते काढून टाका, आणि मी काढलं असतं, मग पडद्यावर फक्त माझी चूक राहिली असती आणि सगळ्यांनी मान्य केलं असतं की हो, या बाईंचंच शिकवणं कच्चं आहे. दुसऱ्याच्या वर्गात परवानगी घेऊन बसणं आणि त्याचं वाक्य चारचौघांत ठेवणं यातली रेघ कुठे आहे, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. बीएडच्या पुस्तकात संशोधकाच्या नीतीवर अर्धं पान होतं, परीक्षेला कधी आलं नाही.

आणि बदल झाला का? झाला. खेळण्यातल्या शंभर, दहा, एकच्या नोटा आणल्या, सहा पोरं समोर उभी केली. शंभराच्या सहा नोटा वाटल्या, दहाची एकच नोट, ती सहा जणांत कशी वाटणार, कुणालाच मिळाली नाही म्हणून दशकाच्या घरात शून्य, मग तीच मोडून सुट्टे केले आणि सुट्टे बारा वाटले. गणित करायच्या आधी उत्तर किती अंकी येईल ते सांगायचं, ही सवय लावली. १२ लिहिणं बरंच थांबलं. हे इथे थांबवलं असतं तर झकास अहवाल झाला असता. पण पंधरा-वीस दिवसांनी ७४४ भागिले ६ दिलं तर वर्गातल्या चांगल्या चांगल्या पोरांनी १२४ ऐवजी १०२४ लिहिलं. शून्य आता त्यांना जिथेतिथे दिसायला लागलं होतं. म्हणजे परत वह्या, परत विचारणं, परत जिना. अहवालाच्या नमुन्यात हे १०२४ कुठल्या रकान्यात टाकायचं ते मला कुणी सांगू शकलं नाही, मी "शिफारशी" मध्ये टाकून बघितलं, ते परत आलं.

तर पीडीएफ न पाठवायची माझी कारणं ही आहेत. एक तर त्यात सर आहेत, नाव नसलं तरी आहेत. आणि दुसरं म्हणजे माझ्या वर्गाचं उत्तर तुमच्या वर्गाला लागू पडेलच असं नाही, तुम्ही फक्त शाळेचं नाव आणि पटसंख्या बदलणार हे मला माहीत आहे, रागवू नका, मी पण बीएडला तेच केलं होतं.

पीडीएफच्या बदल्यात मी एक गोष्ट मागते. तुमच्या वर्गातले दहा चुकलेले भागाकार, फोटो काढून, वरचं नाव झाकून पाठवा. बहुतेक जण त्यानंतर "ओके मॅडम" म्हणून गायब होतात. ऐरोलीच्या एका मॅडमने मात्र पाठवले. त्यांच्याकडे शून्याची भानगडच नाही, त्यांच्या पोरांची बाकी भाजकापेक्षा मोठी राहते, ७ ने भागून बाकी ९ ठेवतात आणि पुढे जातात. का, ते त्यांनाही कळेना आणि मलाही. त्यांचा तास ऐकायला मी जावं की त्यांनी स्वतःच रेकॉर्ड करावा यावर आमचं फोनवर चाललंय, माझं मत रेकॉर्ड करावा, त्या म्हणतात स्वतःचा आवाज ऐकवत नाही, तुम्हीच या. गेलेच तर लिहिलेलं सगळं आधी त्यांना दाखवणार, हे मी कबूल केलंय. पण त्यांच्या मुख्याध्यापकांना लेखी अर्ज हवाय, आणि अर्जात विषय काय लिहायचा यावर सध्या अडलंय.