ढग आले की गाडी पूर्वेला: धोडंब्यातली एक रात्र

आकाशदर्शनाला जायचं होतं हर्सूलला. त्र्यंबकच्या पुढे अंधार चांगला असतो, रस्ताही पायाखालचा. पण 2025 च्या नोव्हेंबरातल्या अमावास्येनंतरचा तो शनिवार. दुपारी चारला इन्सॅट उपग्रहाचं ढगांचं चित्र उघडलं, तर ढगांचा पट्टा इगतपुरी-त्र्यंबकवर ठाण मांडून बसलेला. मोबाईलवरचं एक अ‍ॅप तरीही 'निरभ्र' म्हणत होतं. भाचा म्हणाला, "मामा, गच्चीवरूनच बघू ना." आमच्या सिडकोतल्या गच्चीवरून आभाळ स्वच्छ असतानाही कृत्तिकांचे चार तारे मोजताना डोळ्याला पाणी येतं.

बेत बदलला आणि पूर्वेला, चांदवड तालुक्यातल्या धोडंब्याला निघालो. मित्राच्या मामांचा, म्हणजे नानांचा, तिथे मळा आहे. हा बदल हवेतला नव्हता. सह्याद्रीच्या धारेवरच्या इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. चांदवड-येवल्याकडे जाईपर्यंत त्याचा पाचवा-सहावा हिस्साच उरतो. समुद्राकडून आलेला ओलावा घाटमाथ्यावर चढतो, तिथे थंड होऊन ढग धरतो आणि पुढे पूर्वेला उतरताना विरत जातो. हे आपण भूगोलात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' म्हणून पाठ केलेलं असतं. दुर्बीण गाडीत टाकताना मात्र आठवत नाही. नाशिककर आकाशदर्शनाला सवयीने पश्चिमेला जातो, कारण डोंगर तिकडे आणि सहलीचे रस्तेही तिकडे. मीही पाच-सहा वर्षं तेच केलं आणि निम्म्या रात्री गाडीत बसून वेफर्स खाल्ले.

उपग्रहाच्या चित्राबद्दल एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. रात्री जे चित्र मिळतं ते अवरक्त, म्हणजे तापमानाचं. उंचावरचे थंड ढग त्यात पांढरेशुभ्र दिसतात. खालच्या थरातले ढग जवळपास जमिनीइतकेच उबदार असतात, ते जमिनीत मिसळून जातात. चित्र काळं दिसलं म्हणून निघालात आणि जागेवर गोधडीसारखं आभाळ, असं त्यामुळेच होतं. म्हणून उजेड असतानाचं शेवटचं साधं चित्र आधी बघा. अर्ध्या तासाच्या अंतराची चार चित्रं ओळीने लावली की ढग कुठे सरकताहेत तेही कळतं. एकट्या चित्रावर पेट्रोल जाळू नका.

द्वारका, आडगाव, ओझर, पिंपळगाव, असा आग्रा रोड धरून वडाळीभोईला आलो आणि डावीकडे वळलो. साधारण 55 किलोमीटर. पिंपळगावला चहा घेतला तेव्हा पश्चिमेकडचं क्षितिज राखाडी आणि डोक्यावर पिंजलेला कापूस. भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मी चहाकडे.

मळ्यावर पोचलो सव्वासातला. उत्तरेला धोडप किल्ला, त्याच्या कड्यातली ती प्रसिद्ध खाच अंधारातही कळत होती. इथे एक खूण सांगतो. शहराजवळ ढग उजळलेले दिसतात, कारण खालचा उजेड त्यांना लागतो. खऱ्या अंधाऱ्या जागी ढग आभाळापेक्षाही काळे दिसतात, ताऱ्यांना भोकं पडल्यासारखे. धोडंब्यात दक्षिणेकडचे, पिंपळगावच्या बाजूचे ढग मळकट पांढरे होते आणि धोडपवरचे शाईसारखे काळे. दुर्बिणीचं तोंड कुठे करायचं ते ढगांनीच सांगितलं.

माझी दुर्बीण 6 इंची, डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. मांडायला पाच मिनिटं लागतात, पण ढगाळ रात्री तीही जास्त. पावणेआठला दक्षिणेला शनीपुरती फट पडली. त्या वर्षी त्याची कडी आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसत होती, त्यामुळे पिवळसर मण्यातून सुई आरपार गेल्यासारखी रेघ. भाच्याने डोळा लावला, "कडं कुठंय?" म्हणाला, आणि मी समजावून सांगेपर्यंत शनी गेला. नंतर शर्मिष्ठेच्या वर जागा झाली. या वेळी डॉबला हात लावलाच नाही. गळ्यातल्या 10×50 च्या द्विनेत्रीतून, म्हणजे बायनॉक्युलरमधून, थेट देवयानी दीर्घिका, तो लांबट धुरकट ठिपका. तीन मिनिटं मिळाली आणि दोघांचं बघून झालं. मोठ्या दुर्बिणीत ती शोधण्यातच ही तीन मिनिटं गेली असती. ढगाळ रात्रीची यादी मी आता याच हिशेबाने करतो: जे द्विनेत्रीत सापडतं ते आधी. एकेका वस्तूसाठी अर्धा तास लागेल असलं काही यादीत ठेवतच नाही.

साडेआठला सगळं झाकलं. आत पिठलं-भाकरी, शेंगदाण्याची चटणी. नाना बाहेर येऊन वर बघत होते. मला वाटलं आमच्यासाठी. "ढगाळ राहिलं तर उद्या फवारणी," ते म्हणाले. ऑक्टोबर छाटणीची द्राक्षबाग फुलोऱ्यात होती. असल्या हवेत डावणी, हा बुरशीचा रोग, सुटली की घड हातचे जातात. आमची एक रात्र बुडत होती, त्यांचं वर्ष टांगलेलं होतं. पुढचे दोन तास मी ढगांबद्दल कुरकुरलो नाही.

साडेअकराला पूर्वेचे ढग पातळ झाले, पण गेले नाहीत. उंचावरचा झिरझिरीत पदर राहिला. अशा वेळी दीर्घिका, तेजोमेघ विसरायचे आणि ग्रह किंवा चंद्र धरायचा. त्यांना उजेड मुबलक असतो, थोडा पडद्यात गेला तरी चालतं. गुरू मिथुनेत, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ, पूर्वेला वर आला होता. 120 पट वाढवून बघितलं तर कधी नव्हे इतकं स्थिर बिंब. दोन पट्टे स्वच्छ, चारही चंद्र टाचणीच्या टोकासारखे. असल्या पदराआड हवा कधी कधी शांत असते आणि कडाक्याच्या स्वच्छ रात्री मात्र तारे लुकलुकून जीव काढतात. भाचा वीस मिनिटं उठला नाही.

बाराला तो आत जाऊन झोपला. मी खाटेवर घोंगडी घेऊन पडून राहिलो. पावणेएकला डोळा उघडला तर मृग माथ्याच्या आग्नेयेला, खाली व्याध, आणि डाग नसलेलं आभाळ. दिवसाच्या उन्हाने वर चढलेले ढग रात्री जमीन गार झाली की बहुधा मोडतात, म्हणून अकराला गाशा गुंडाळू नका. मृगातला तेजोमेघ मी सलग चाळीस मिनिटं पाहिला. आधी नुसती धूसर शाई, मग पंखासारखा पसारा, मग मधले चार तारे सुटे.

मग ते चार तारे तीन झाले, मग लोळागोळा. मला वाटलं परत ढग. हात लावला तर आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, ओलं, नेम धरायची छोटी नळी, फाइंडर, ओला, नळीत डोकावलो तर छोट्या आरशावर दव. शेजारच्या शेतात रात्रीची थ्री-फेज वीज आली होती, गव्हाला पाणी चाललं होतं, सगळी जमीन गारठून भिजलेली. दव आलं की पुसायचं नाही, आरशाला चरे पडतात. वीज होतीच, म्हणून नानांच्या सुनेचा हेअर ड्रायर मागितला आणि लांबून, मंद आचेवर चालवला. दहा मिनिटांत आरसा मोकळा. पुढच्या वेळी जुनी योगा मॅट नळीच्या तोंडाला गुंडाळून पुढे वीतभर काढणार, दव बसायला तेवढा उशीर होतो.

त्या शेजाऱ्यांचा हॅलोजनही नळीत येत होता. नाना म्हणाले, जाऊन सांग, बंद करतील. मी एकटा निघालो तसं त्यांनी ओरडून थांबवलं. पलीकडे ऊस, आणि बिबट्या नाशिक जिल्ह्यात आता बातमी राहिलेला नाही. काठी, बॅटरी घेऊन दोघं गेलो. तुम्हीही उसाच्या कडेला दुर्बीण लावू नका, एकटे फिरू नका, आणि डोळ्यांची अंधाराची सवय न मोडणाऱ्या लाल उजेडाबरोबर एक जोरकस पांढरी बॅटरी खिशात असू द्या. ओळखीचा मळा गाठा, रस्त्याकडेला थांबू नका. अंधारात गाडीशेजारी नळी रोखून बसलेला माणूस गस्तवाल्यांना कसा दिसतो, हे मी एकदा पेठ रोडवर अनुभवलंय.

पावसाळ्यात जायचं की नाही, हे विचारूच नका. जून ते सप्टेंबर जुन्नरजवळच्या गिरवलीची, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची 2 मीटरची दुर्बीणही मिटलेली असते. त्या दिवसांत आयपीस सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर भिंगावर बुरशीची जाळी धरते. मी एक आयपीस अशीच घालवली.

मिथुनेचा उल्का वर्षाव दरवर्षी 13-14 डिसेंबरच्या रात्री असतो. 2025 मध्ये चंद्र पहाटे दोनच्या सुमारास उगवणार होता, तोवर अंधार आपला. उल्कांना फटीही पुरतात. आम्ही परत धोडंब्यालाच जायचं ठरवलं.

मधल्या काळात एक नवीन काम लागलंय. निघताना नानांनी ढगांचं ते चित्र कसं उघडायचं ते विचारून घेतलं होतं. त्यांच्या फोनवर ते नीट चालेना, म्हणून रोज संध्याकाळी मीच पाठवतो. परवा त्यांचा फोन आला, "चित्रात तर काहीच नाही, पण इकडं धोडप दिसंना. आज येऊ नका. आणि फवारणीवाल्याला मी बोलावलंय."