तळटीप आणि ‘तुका म्हणे’

गेल्या आठवड्यात माझ्या निबंधातील १९ शब्दांचे एक वाक्य पिवळ्या रंगात रंगून परत आले. सोबत विभागाच्या कार्यालयाचे तीन ओळींचे पत्र होते: या वाक्याबद्दल खुलासा करण्यासाठी गुरुवारी ११ वाजता उपस्थित राहावे. इंग्लंडच्या उत्तरेकडील या शहरात इंग्रजी साहित्य आणि लेखन या विषयात एम.ए. करण्यासाठी येऊन मला तीन महिने होत आले. दुपारी चारलाच पडणाऱ्या अंधाराची सवय झाली, पण ‘खुलासा’ या शब्दाने पोटात जे कालवले ते अजून शांत झालेले नाही. नाशिकला परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलाकडे सगळा वर्ग कसा पाहतो हे मी पाहिलेले आहे. तशी नजर कधी माझ्याकडे वळेल असे मला वाटले नव्हते.

वाक्य इंग्रज कवी जॉन कीट्सच्या ‘निगेटिव्ह केपेबिलिटी’विषयी, म्हणजे उत्तराची घाई न करता अनिश्चिततेत राहू शकण्याच्या कवीच्या क्षमतेविषयी होते. इंग्रजी घेऊन बी.ए. केलेल्या कोणालाही ही संज्ञा समजावून सांगावी लागत नाही. टी.वाय.ला, म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, सरांनी ते वाक्य वर्गात सांगितले, आम्ही उतरून घेतले, आणि मी ते घराच्या गच्चीवर येरझाऱ्या घालत पाठ केले. पुढे दोन परीक्षांत ते लिहिले आणि दोन्ही वेळा चांगले गुण मिळाले. इथे निबंध लिहायला बसले तेव्हा ते हातातून आपोआप उतरले. मी कोणतेही पुस्तक उघडले नव्हते, कोणत्याही संकेतस्थळावरून काही उचलले नव्हते. इतक्या वर्षांत ते वाक्य मला माझेच वाटू लागले होते. ते एका इंग्रज समीक्षकाच्या जुन्या पुस्तकात शब्दशः छापलेले आहे, हे मला सॉफ्टवेअरच्या अहवालावरून कळले.

इथला नियम असा की दुसऱ्याचे शब्द घेतले तर अवतरणचिन्हे आणि तळटीप, दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला तरीही तळटीप, आणि दुसऱ्याने ज्या क्रमाने युक्तिवाद केला तो क्रम घेतला तर त्याचीही तळटीप. तळटिपेत लेखक, ग्रंथ, प्रकाशनाचे ठिकाण, वर्ष, पान, आणि त्यांच्या मधल्या स्वल्पविरामांच्या जागासुद्धा ठरलेल्या. चार हजार शब्दांच्या निबंधाला मी ३१ तळटिपा दिल्या होत्या. त्यांसाठी दोन रात्री जागले होते. त्या ३१ कोणी मोजल्या नाहीत, राहिलेली एकच मोजली गेली, हे मला अतिशय लागले. चुकीच्या हेतूचा विचार नंतर करतात, साम्य मात्र आधी मोजतात, हा क्रम मला आजही न्याय्य वाटत नाही. ज्याने मुद्दाम चोरले तो चार शब्द बदलून निसटू शकतो आणि ज्याने प्रामाणिकपणे पाठ केले तो पकडला जातो, या नियमात काहीतरी उणे आहे, असे मी कोणालाही सांगेन.

गुरुवारी मी हे सगळे सांगितले, आणि ठरवले होते त्याहून बरेच जास्त सांगितले. पाठांतर ही आमच्याकडे लबाडी मानत नाहीत, तो ग्रंथाचा आदर असतो, हे सांगितले. त्र्यंबकेश्वरला वेदपाठशाळेतील मुले आजही गुरूच्या तोंडून ऐकून, स्वरासकट शब्द घशात साठवतात, हे सांगितले. ज्या शहरात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालू आहे तिथून मी आले, हेही सांगितले. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ साली आणि केंब्रिजला १९१७ साली सुरू झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ चे आहे आणि आमच्याकडची मुले त्याच्याही आधीपासून इंग्रजी कवी परीक्षेसाठी वाचत होती, हा मुद्दाही मी सोडला नाही. शेवटी शेक्सपिअरवर आले. क्लिओपात्राच्या नौकेचे सुप्रसिद्ध वर्णन त्याने थॉमस नॉर्थने १५७९ मध्ये केलेल्या, प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराच्या भाषांतरातून जवळजवळ शब्दाला शब्द लावून घेतले आहे; त्याला कोणी खुलासा मागितला नाही. आणि मग, आता लिहायलाही संकोच वाटतो, मी म्हणाले की आमचे सर वाक्ये सांगत, त्यांचे धनी सांगत नसत.

प्राध्यापिका शांतपणे ऐकत होत्या. शेक्सपिअर आणि नॉर्थ हे दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचता येतात, म्हणूनच शेक्सपिअरने काय बदलले ते आपल्याला दिसते, एवढेच त्या म्हणाल्या. प्रकरण पुढे जाणार नाही, निबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा, असे त्यांनी सांगितले आणि एक काम दिले: ‘निगेटिव्ह केपेबिलिटी’ हे शब्द मुळात कुठून आले ते जाऊन पाहावे.

ग्रंथालयात दोन दिवस गेले. कीट्सने हे शब्द डिसेंबर १८१७ मध्ये जॉर्ज आणि टॉम या भावांना लिहिलेल्या पत्रात वापरले, आणि त्याच्या उपलब्ध लेखनात ते तेवढ्या एकाच ठिकाणी आहेत. ते पत्र आज अस्तित्वात नाही. जॉर्ज पुढे अमेरिकेत स्थायिक झाला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने जॉन जेफ्री नावाच्या गृहस्थाशी लग्न केले, आणि १८४८ साली निघालेल्या कीट्सच्या चरित्रासाठी या जेफ्रीने पत्रांच्या नकला करून पाठवल्या. आपल्या हाती आहे ती त्याची नक्कल. तो निष्काळजी नकलाकार होता, मजकूर गाळत असे. पत्राची नेमकी तारीखही त्यामुळे संशयात आहे. ज्या दोन शब्दांवर आम्ही सगळ्यांनी दहा-दहा गुणांची उत्तरे लिहिली, ते एका हलगर्जी माणसाच्या हस्ताक्षरातून आपल्यापर्यंत पोचले आहेत, आणि हे मला कोणत्याही परीक्षेसाठी माहीत असण्याची गरज पडली नव्हती.

त्या संध्याकाळी खोलीवर परतताना मला आजी आठवली. ती पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी नाशिकहून त्र्यंबकला चालत जाई. तिला अक्षरओळख नव्हती, पण शेकडो अभंग पाठ होते. गुरुवारी मी पाठांतराची बाजू मांडली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तीच होती. पण ती अभंग कसा म्हणे? शेवटचे चरण आले की ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’. चाल चुकली, मधला एखादा शब्द निसटला, तरी नाव तिने कधीही गाळले नाही. नाव हा अभंगाचाच भाग होता. ते गाळले तर अभंग पुरा होत नसे. आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती कशासाठी? लोकांनी घुसडलेले शब्द वेगळे काढण्यासाठीच. ज्ञानेश्वरीत आपली ओवी मिसळणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवतो, असे त्यांनी बजावून ठेवले आहे. मी आपल्या परंपरेचे नाव घेऊन स्वतःचा बचाव केला होता, आणि त्या परंपरेने माझी बाजू घेतली नसती. शब्द मोजणारे सॉफ्टवेअर मला अजूनही आवडत नाही. पण तो वेगळा विषय आहे.

मग मी आईला फोन करून माळ्यावरच्या पेटीतील टी.वाय.ची वही शोधायला सांगितली. ‘‘अगं, तू म्हणालीस ती हीच का बघ,’’ असे म्हणत तिने काल व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो पाठवला. वाक्य तिथे होते, माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत, खाली लाल रेघ. आणि डाव्या समासात पेन्सिलने त्या समीक्षकाचे आडनाव व पानाचा आकडा होता. सरांनी नाव सांगितले होते. परीक्षेत त्याला गुण नसत, म्हणून मी ते पाठ केले नव्हते.

सरांविषयी बोलले ते चूक होते, असे मी प्राध्यापिकांना आज सकाळी लिहून कळवले आणि तो फोटो सोबत जोडला. सरांशी रविवारी बोलणार आहे. दुरुस्त निबंधात त्या वाक्याला अवतरणचिन्हे आली आहेत आणि खाली सातवी तळटीप आहे. इथल्या ग्रंथालयातील प्रतीत ते वाक्य वहीतल्या आकड्यापेक्षा वेगळ्या पानावर सापडले. सरांच्या हातात तेव्हा कोणती आवृत्ती होती, ते त्यांना विचारायचे आहे.