मोंफ्लांकँचं जुनं घर आणि छतामागची तुळई

मार्चअखेरीस तुलूजहून नैऋत्य फ्रान्समधल्याच लोत-ए-गारोन जिल्ह्यात जाऊन आले. निमित्त एका तुळईचं. माझी मावसबहीण आणि भावोजी बोर्दोला असतात. त्यांनी मोंफ्लांकँजवळ एक जुनं दगडी शेतघर घेतलं आणि आता त्या घरातल्या छुप्या दोषांचं प्रकरण कोर्टात आहे. कोर्टाने नेमलेला तज्ज्ञ घर पाहायला येणार होता. ताईचं फ्रेंच बाजारहाटाला पुरतं, पण बांधकाम आणि कायदा एकाच वाक्यात आले की तिची दमछाक होते, म्हणून मला बोलावणं आलं. फ्रान्समध्ये जुनं घर घ्यायचं मनात असलेले बरेच जण ओळखीत आहेत. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

तुलूजहून आझँला रेल्वेने तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. मोंतोबाँ सोडलं की गारोनचा कालवा रुळांच्या सोबतीला येतो. म्वासाकला खिडकीबाहेर नक्की बघा. हा लोहमार्ग टाकताना तिथल्या मध्ययुगीन मठाचं भोजनगृह पाडलं होतं. शेजारचा कोरीव खांबांचा ओवऱ्यांचा चौक थोडक्यात वाचला. आझँहून व्हिलनव्ह-सुर-लोतला बस आहे, प्रवासी रेल्वे नाही. मोंफ्लांकँ तिथून उत्तरेला, टेकडीवर. १२५६ मध्ये आल्फाँस द प्वातिए या फ्रेंच राजाच्या भावाने वसवलेलं हे आखीव गाव, मधोमध कमानींचा चौक. वाटेत प्लमच्या बागा पांढऱ्या फुललेल्या होत्या. ‘आझँचे प्रून’ म्हणून जे सुकवलेले प्लम विकले जातात, ते इथलेच.

आता घराबद्दल. बैठकीची खोली नव्याने केलेली होती: पांढऱ्या गुळगुळीत भिंती, प्लास्टरबोर्डचं खोटं छत, त्यात बसवलेले छोटे दिवे. ताईला पंखा हवा होता (छताला पंखा नसलेली खोली आपल्या माणसाला अपुरी वाटतेच). इलेक्ट्रिशियनने हुक लावायला छताचा तुकडा कापला आणि मागची मुख्य ओक तुळई दिसली. भिंतीत शिरणारं तिचं टोक पार पोखरलेलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुळईच्या बाजूने ओळीने प्लास्टिकची छोटी बुचं होती. लाकडात कीटकनाशक टोचण्यासाठी भोकं पाडतात, त्यात ही बुचं राहतात. म्हणजे कीड लागल्याचं कोणाला तरी माहीत होतं, औषधही केलं होतं, आणि नंतर सगळं झाकून टाकलं होतं.

खरेदीखतात मात्र ‘विक्रेता छुप्या दोषांची हमी देत नाही’ असं कलम होतं. दोन खासगी माणसांमधल्या व्यवहारात ते जवळजवळ नेहमीच असतं, आणि ते वाचून निम्मे लोक तिथेच हात टेकतात. टेकू नयेत. फ्रेंच नागरी संहितेच्या कलम १६४१ प्रमाणे, घर वापरायला निरुपयोगी करणारा, किंवा माहीत असता तर खरेदीदाराने घेतलंच नसतं अथवा कमी किंमत दिली असती असा दोष असेल, तर विक्रेता जबाबदार असतो. हमी नाकारणारं कलम चालतं, पण दोष माहीत असूनही तो लपवला हे सिद्ध झालं की ते गळून पडतं. मग खरेदीदारासमोर दोन वाटा असतात: घर परत करून पैसे घेणं, किंवा घर ठेवून किमतीतला काही भाग परत मिळवणं. निवड खरेदीदाराची. विक्रेत्याला माहीत होतं असं ठरलं, तर वर नुकसानभरपाईही. दिसणाऱ्या दोषाला मात्र यातलं काहीच लागू नाही. भिंतीवरची भेग पाहून सही केली असेल, तर ती भेग तुमची.

पाहणीला तज्ज्ञ, दोन्ही बाजूंचे वकील, विक्रेता आणि आम्ही, इतके जण छोट्याशा खोलीत दाटीवाटीने उभे होतो. तज्ज्ञाने कोणाशीही फारसं न बोलता आधी घराला बाहेरून फेरी मारली. तुळईचं टोक ज्या भिंतीत आहे, तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा होता. तिथे तो बराच वेळ थांबला. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात आणि ओल बाहेर टाकत असतात. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, भिंतीतलं लाकूड भिजतं, बुरशी लागते आणि मऊ झालेल्या ओकमध्ये भुंगे शिरतात. आधी पाणी, मग बुरशी, मग किडा, हा क्रम त्याने बोटांवर मोजून दाखवला. नुसती तुळई बदलून भागणार नाही, गिलावाही काढावा लागेल, हे त्यातूनच कळलं.

आत आल्यावर त्याने पेचकस टोचला. लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं सुटून आलं. मग त्याने कापलेल्या प्लास्टरबोर्डची मागची बाजू मागितली. आम्ही कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मागे कारखान्याचा उत्पादनाचा शिक्का होता, तारखेसकट, आणि ती तारीख विक्रेत्याने घर घेतल्यानंतरची निघाली. औषध आधीच्या मालकाने केलं असेल, हा विक्रेत्याच्या वकिलाचा मुद्दा तेवढ्यावर संपत नाही, पण बोर्ड लावताना बुचं न दिसणं अवघड आहे. बोर्ड कोणी लावला असं विचारल्यावर विक्रेता अभिमानाने म्हणाला, “सगळं मी स्वतः केलंय.” त्याच्या वकिलाने डोळे मिटले. स्वतः बांधकाम करून घर विकणाऱ्याला व्यावसायिकासारखं धरल्याचे निकाल आहेत, आणि व्यावसायिकाला दोष माहीतच होता असं कायदा मानून चालतो. इथे तो मुद्दा किती टिकेल, यावर वकील भांडतील.

बारा वाजले आणि पाहणी थांबली. जेवणाची सुट्टी. यावर मी काही बोलणार नाही.

असं काही तुमच्या घरात निघालं, तर दुरुस्तीची घाई करू नका. माझ्या मते जास्तीत जास्त प्रकरणं इथेच बिघडत असावीत. चांगला सुतार येतो, कुजकं टोक कापून नेतो आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो. पडण्याची भीती असेल तर लोखंडी टेकू द्या, आधी आणि नंतर फोटो काढा, कापलेला प्रत्येक तुकडा जपून ठेवा. कोमिसेर द ज्युस्तिस नावाचा अधिकारी बोलावून स्थितीचा अधिकृत पंचनामा करून घ्या. मग विक्रेत्याला पोचपावतीसह रजिस्टर पत्र पाठवा. पण पत्र पाठवलं म्हणजे मुदत थांबली असं समजू नका. दोष उघड झाल्यापासून दोन वर्षांत कोर्टात जावं लागतं आणि नुसत्या पत्राने हे घड्याळ थांबत नाही. थांबतं ते कोर्टात अर्ज केल्यावर. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४५ खाली तज्ज्ञ नेमण्याची मागणी करता येते. शिवाय विक्रीपासून वीस वर्षांची कमाल मर्यादा आहे. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये ती स्पष्ट केली.

खर्चाचं सोंग आणता येत नाही. तज्ज्ञाच्या मानधनाची अनामत सहसा मागणी करणाऱ्यालाच भरावी लागते आणि ती रक्कम हजारो युरोंत जाते, वकील वेगळा. म्हणून घराच्या विम्यात कायदेशीर संरक्षणाचा भाग आहे का, हे पहिल्याच दिवशी बघा. बऱ्याच जणांकडे तो असतो आणि त्यांना माहीत नसतो. वाद उपटल्यावर घेतलेला विमा त्या वादाला लागू होत नाही.

घर अजून घ्यायचं असेल, तर विक्रेत्याने द्यायच्या तपासण्यांच्या जाड फाइलवर फार विसंबू नका. वाळवीचा अहवाल फक्त वाळवीचा असतो. इतर किड्यांची सक्तीने तपासणी होत नाही, आणि तपासनीस भिंत उकरत नाही, डोळ्यांना दिसतं तेवढंच पाहतो. ‘पाहता आले नाही’ असं लिहिलेल्या खोल्यांची यादी आधी वाचा, कारण धोका तिथेच असतो. हा अहवाल सहा महिनेच चालतो. मैलापाण्याची टाकी नियमात बसत नसेल, तर ती सुधारायला खरेदीनंतर वर्षभराची मुदत असते आणि खर्च नव्या मालकाचा. प्राथमिक करारानंतर दहा दिवस विनाकारण माघार घेता येते. त्या दहा दिवसांत एखादा स्थानिक गवंडी किंवा सुतार पैसे देऊन घरात फिरवा. नव्याने केलेल्या प्रत्येक कामाचं बिल आणि काम करणाऱ्याच्या दहा वर्षांच्या हमीच्या विम्याचं प्रमाणपत्र मागा. ‘स्वतः केलं’ असं उत्तर आलं, तर ते लेखी घ्या. नोटरी आपल्याकडच्यासारखा कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला नसतो. तो सरकारनियुक्त अधिकारी असतो, पण तो तटस्थ असतो. तुमचा स्वतःचा नोटरी आणला तरी एकूण फी वाढत नाही, दोघे ती वाटून घेतात. मग आणायलाच हवा.

एक गैरसमज वारंवार ऐकते: फ्रान्समध्ये घर घेतलं म्हणजे राहायचा हक्क मिळाला. मिळत नाही. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसाने १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्याहून जास्त राहायचं तर वेगळा व्हिसा लागतो, घराची कागदपत्रं त्यासाठी पुरेशी नाहीत.

पाहणीसाठी कोणी त्या भागात जाणार असेल तर आझँ स्थानकावरूनच गाडी भाड्याने घ्या, कारण व्हिलनव्हच्या पुढे बसचा भरवसा नाही. सोबत चांगलं फ्रेंच येणारं माणूस न्या. चर्चा वेगात होते आणि कोणी थांबून समजावत नाही. तज्ज्ञाला काही सांगायचं असेल, तर तोंडी बोलून भागत नाही, वकिलामार्फत लेखी द्यावं लागतं. सोमवार टाळा, गावातली अर्धी दुकानं बंद असतात. व्हिलनव्हचा बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो. प्रून तिथेच घ्या, स्थानकावर महाग पडतात.