पंखा चालू होता

मोहिमेचा १०८वा दिवस. वेळापत्रकात माझ्या आणि माझ्या सहकारी अंतराळवीर मैत्रिणीच्या नावापुढे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच काम लावलेलं होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड काढणाऱ्या यंत्राचा अडकलेला व्हॉल्व्ह बदलायचा.

हे यंत्र स्थानकाची हवा झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या बारीक खड्यांमधून फिरवतं. खडे तो वायू धरून ठेवतात, मग तापवले की सोडून देतात. सोडलेला वायू बाहेरच्या निर्वातात जातो किंवा हायड्रोजनशी संयोग करून त्यातून थोडं पाणी परत मिळवता येतं. खडे एकमेकांवर घासून त्यांची भुकटी होते आणि ती व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते. दुरुस्तीसाठी यंत्र बंद ठेवावं लागतं, त्यामुळे त्या दिवशी दुसरं यंत्र एकटंच ओझं वाहत होतं. स्थानकात एरवीही हा वायू पृथ्वीवरच्या हवेच्या साधारण दहापट असतो. त्या दिवशी आकडा आणखी थोडा वर होता. हे आम्हाला माहीत होतं, जमिनीवरच्या नियंत्रण कक्षालाही माहीत होतं.

सकाळी आम्ही यंत्र बसवलेला रॅक खालच्या बिजागरीवर फिरवून पुढे कलवला. माणसापेक्षा उंच असं ते कपाट इथं बोटानं ढकललं तरी हलतं, पण एकदा हललं की थांबवायला दोघांचा जोर लागतो. वजन गेलं तरी वस्तुमान कुठं जातं? रॅकच्या मागे भिंतीपर्यंत जेमतेम खांदे मावतील एवढी पोकळी, नळ्यांनी आणि तारांनी भरलेली. मैत्रीण कमरेपर्यंत आत शिरली. मी बाहेर राहून टॅबलेटवरच्या पायऱ्या वाचून दाखवायच्या, हत्यारं द्यायची आणि निघालेले स्क्रू चिकटपट्टीवर ओळीनं लावून ठेवायचे, असं ठरलं होतं.

आणखी एक काम माझ्याकडे होतं आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं होतं. हवा.

पृथ्वीवर आपण सोडलेला श्वास गरम असतो म्हणून वर जातो, त्याच्या जागी ताजी हवा येते. झोपेतसुद्धा हे आपोआप चालू असतं. कक्षेत हलकं-जड हा भेदच उरत नाही, त्यामुळे श्वास तोंडापुढेच रेंगाळतो. पंखा नसेल तर माणूस स्वतःच सोडलेली हवा पुन्हा ओढत राहतो. म्हणून स्थानकात चोवीस तास पंखे फिरतात. त्यांच्या घरघरीची इतकी सवय होते की ती ऐकू येणंच बंद होतं. रॅकच्या मागे मात्र मुख्य झोत पोचत नाही. तिथं सुटा पंखा आणि लवचिक नळी लावायची असते. मी ती लावली, तोंड तिच्या चेहऱ्याकडे वळवून पट्ट्यानं बांधलं, टिश्यूची पट्टी धरून पाहिली. पट्टी फडफडली. कामाला लागलो.

पहिला दीड तास, म्हणजे पृथ्वीभोवती एक फेरी, काम सुरेख चाललं. मग नियंत्रण कक्षानं एका बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोरानं आवळलाय ते, विचारलं आणि तिनं आधीच्या पायरीचा आकडा सांगितला. त्यांनी पुन्हा विचारलं. "सांगितलं ना आत्ता," ती म्हणाली. मला ते खटकायला हवं होतं. एवढ्या महिन्यांत तिला मी एकदाही त्रासून बोलताना ऐकलं नव्हतं. पण माझंही डोकं ठणकत होतं, पायऱ्या दाखवायला मीसुद्धा अर्धा आत वाकलेला. राग आला तो तिचाच.

थोड्या वेळानं तिनं हात मागे केला. "पाना दे."

पाना तिच्या दुसऱ्या हातात होता.

"बाहेर ये," मी म्हणालो.

"दोनच बोल्ट राहिलेत."

"राहू देत. आधी बाहेर ये."

ती निघेना, तेव्हा घोट्यांना धरून मी तिला ओढून काढलं. कक्षाला कळवलं की आम्ही थांबतोय. पलीकडून लगेच उत्तर आलं, "थांबा, कामाचं नंतर बघू." त्या उत्तराबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. वेळापत्रकातला एकेक मिनिट जपणारी ती माणसं, पण एकानंही प्रश्न केला नाही. तिचा चेहरा लाल झाला होता, कपाळ दाबून धरलं होतं. तिला मॉड्यूलमधल्या हवेच्या जाळीसमोर नेलं आणि मी हातातला मापक घेऊन पोकळीत डोकावलो. बाहेर कार्बन डायऑक्साइडचा दाब ३ पारा-मिलिमीटर होता. आत ८ च्या जवळ.

पंखा चालू होता. घरघर तीच होती. पण हत्यारांची पिशवी बाहेर घेताना तिचा कोपरा नळीला लागला असावा. नळीचं तोंड फिरून रॅकच्या पाठीवर हवा सोडत होतं. मी बांधलेला पट्टा सैल होता. आवाज येत होता म्हणून मी दीड तासात एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं.

वीसेक मिनिटांनी ती नेहमीसारखी बोलू लागली. म्हणाली, "मला सारखं वाटत होतं, आज तूच हळू चाललायस." या वायूची मला सर्वांत भीती वाटते ती इथं. डोकं जड झालं की माणूस दोष समोरच्यात शोधतो, आणि समोरचाही तीच हवा ओढत असला की दोघंही आपापल्या परीनं खरे असतात. जून १९८५मध्ये झानिबेकोव्ह आणि साविनिख हे सोव्हिएत अंतराळवीर बंद पडलेल्या, गोठलेल्या सॅल्यूत-७ या अंतराळ स्थानकात शिरले, तेव्हा तिथं एकही पंखा फिरत नव्हता. प्रशिक्षणात ती हकिगत मी थंडीची गोष्ट म्हणून ऐकली होती.

डॉक्टर तिच्याशी खासगी वाहिनीवर बोलले. दुपारनंतर कमांडर आमच्यात आला. त्याच्याकडे काम एकच दिलं, मापक बघायचा आणि आत असणाऱ्याचा चेहरा बघायचा. दर पंधरा मिनिटांनी आत-बाहेर बदली. उरलेले दोन बोल्ट मी घट्ट केले. रॅक जागेवर गेला, यंत्र सुरू झालं आणि रात्रीच्या जेवणानंतर पडद्यावरचा आकडा हळूहळू उतरू लागला.

झोपायच्या कप्प्यात गेल्यावर मी टिश्यूची एक अरुंद पट्टी फाडून हवेच्या झरोक्यापाशी चिकटवली. निजल्या जागेवरून ती हलताना दिसत होती.

सकाळी मैत्रिणीच्या कप्प्याचं दार उघडं होतं. आत झरोक्यापाशी तशीच एक पट्टी फडफडत होती. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.