ट्रॅव्हलर अपडेट: रंकाळा झाला, चार्जिंगचं भूतही उतरलं

मंडळी, आमच्या घरासारख्या केलेल्या ट्रॅव्हलर व्हॅनच्या डीसी-डीसी चार्जरचं (इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीकडनं मागची बॅटरी भरणारा) दुखणं एकदाचं सापडलं. चार्जर सारखा बंद पडतोय या माझ्या मागच्या पोस्टवर ज्यांनी ज्यांनी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करतो तो) बदला म्हणून सांगितलं होतं त्यांनी हे नक्की वाचा, कारण अल्टरनेटर ठणठणीत आहे आणि तो खर्च वाचलाय.

आईला अंबाबाईला जायचं होतं, म्हणून सांगली-कोल्हापूर एका दिवसाची चक्कर ठरवली, पन्नासेक किलोमीटर, गाडी टेस्ट करायला बरोबर माप. सकाळी निघताना हाऊस बॅटरी (फ्रिज, इंडक्शन चालवणारी मागची) ५२ टक्के, गाडी शेडमध्ये असल्यामुळं सोलर काहीच नाही आणि फ्रिज रात्रीपासून चालू. हिशोब असा की सव्वा-दीड तासाच्या रस्त्यात ३० ॲम्पियरनं अजून ४० टक्क्यांच्या आसपास भरेल (बॅटरी १०० ॲम्पियर अवरची एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, जुन्या मंडळींना माहीत आहेच), मग रंकाळ्यावर इंडक्शनवर पोहे आणि चहा.

कसलं काय. जयसिंगपुरात भडंग घ्यायला थांबलो तेव्हा चार्जरचं ॲप उघडून बघितलं तर परत तेच, चार्जर वीस-पंचवीस सेकंद चालतोय, 'इनपुट लो' दाखवून बंद पडतोय, जरा दम खातोय की परत चालू. हातकणंगले गेलं, शिरोली आलं, तेच चालू. रंकाळ्यावर पोचलो तेव्हा ५४ टक्के. एवढ्या रस्त्यात दोन टक्के! इंडक्शनला हात लावला नाही, पोहे गॅसवर केले.

आता मूळ प्रॉब्लेम नीट सांगतो, कारण इथं बऱ्याच जणांचं हेच दुखणं आहे. इंजिन चालू असताना पुढच्या, म्हणजे इंजिनच्या बॅटरीच्या टर्मिनलवर १४.१ व्होल्ट. चार्जरच्या इनपुटला, चार्जर बंद असताना, १४. म्हणजे बघणाऱ्याला सगळं ओके. पण चार्जरनं लोड घेतला की तिथंच १२ च्या खाली, आणि १२ ला त्याचा कट-ऑफ. लोड गेला की व्होल्टेज परत वर, परत चालू, परत बंद. आउटपुटला ३० ॲम्पियर द्यायचे तर इनपुटला तो ३५ ते ४० ओढतो, एवढ्या करंटला कुठंही बारीक रेझिस्टन्स असला तरी तो व्होल्टेज खातो, आणि लोड नसताना मोजलं तर तो दिसतच नाही. त्यामुळं ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवलं त्यानं कोरडं मोजून वायरिंग पास केलं आणि बोट अल्टरनेटरकडं.

आई आणि ही रिक्षानं देवळाकडं गेल्या. मी खरं तर शालिनी पॅलेसच्या बाजूनं चक्कर मारून संध्यामठाचे फोटो काढणार होतो, पाणी खाली गेल्यामुळं बराचसा उघडा दिसत होता. पण डोक्यात चार्जरच घोळत होता, आणि कोल्हापुरात येऊन उद्यमनगरला, वर्कशॉपच्या वसाहतीत, जायचं नाही तर कधी जायचं? गाडी काढली आणि थेट उद्यमनगर. तिथं केबलला लग (बोल्टखाली बसणारं धातूचं टोक) मारून देणारे एक वयस्कर मिस्त्री भेटले. मी सगळी कथा सांगितली, प्लसची वायर कुठून कशी आणली ते दाखवायला लागलो तर त्यांनी मधेच थांबवलं, "पावणं, प्लस ऱ्हाऊ दे, मायनस कुठं टेकलाय ते दावा की."

मायनस गॅरेजवाल्यानं मागच्या सीटखाली बॉडीला बोल्ट मारून दिलेला, म्हणजे करंट परत जाणार तो गाडीच्या पत्र्यातनं, सगळेच देतात. इंजिन चालू केलं, मीटरची एक पिन पुढच्या बॅटरीच्या मायनसला (लांब वायर जोडून), दुसरी चार्जरच्या मायनसला, आणि मिन-मॅक्सचं (सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवतं ते) बटण दाबून ठेवलं, कारण वीस सेकंदात आकडा डोळ्यानं पकडता येत नाही. १.६ व्होल्ट! फक्त मायनसच्या बाजूला. मायनस ते मायनस म्हणजे शून्याच्या जवळ पाहिजे. सीटखाली हात घातला तर बोल्ट चांगलाच तापलेला. खोलला तर लगच्या खाली कंपनीचा पेंट जसाच्या तसा, वॉशरच्या कडेला गोल तपकिरी डाग पडलेला, आणि धातूला धातू टेकलाय तो फक्त बोल्टच्या आट्यांमधनं. एवढ्याशा जागेतनं ४० ॲम्पियर जाणार कसे.

मिस्त्रींनी ग्राइंडरनं रुपयाएवढी जागा पांढरी केली, पॉलिश पेपर मारला, टिन केलेला तांब्याचा लग हायड्रॉलिक क्रिम्पिंगनं बसवला, दातेरी वॉशर, नवीन बोल्ट, आवळल्यावर वरनं पेंट. परत मोजलं, ०.१. चार्जर इनपुट १३.५, आणि तो चालू झाला तो बंद पडेचना. मी पाच-दहा मिनिटं नुसता ॲपकडं बघत बसलो होतो, ३० ॲम्पियर, ३० ॲम्पियर, ३० ॲम्पियर. लै म्हणजे लै भारी वाटलं.

प्लसच्या बाजूला अजून ०.५ जातोय. तिथं मिस्त्रींनी वायरची तार ब्लेडनं खरवडून दाखवली, आतनं पांढरी. ऑनलाइन 'प्युअर कॉपर' म्हणून विकलेली सोळा स्क्वेअर मिलिमीटरची वायर, आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा. त्याचा रेझिस्टन्स खऱ्या तांब्याच्या दीडपट तरी धरा. माझं स्पष्ट मत, वायर दुकानातनंच घ्या, आयएसआय मार्क बघा, आणि पैसे द्यायच्या आधी एक तार खरवडा. दुकानदाराला राग आला तर दुसरं दुकान.

बाकी बारकं. पाण्याची लाईन कुठंच गळली नाही, हातकणंगल्याच्या पुढचे खड्डे खाऊनसुद्धा. फ्रिज उन्हात दिवसभर ६ डिग्रीला, आईनं आणलेलं दही घट्टच्या घट्ट. संध्याकाळी रंकाळ्यावर परत लावली, चौपाटीवर भेळ झाली आणि मग इंडक्शनवर चहा, शंभरच्या आसपास ॲम्पियर ओढत होता पण बॅटरीनं हूं की चूं केलं नाही. निघताना ४१ टक्के, सांगलीत घरी ७७.

पुढचा प्लॅन. ५० ॲम्पियरचा चार्जर घ्यायचा विचार होता तो कॅन्सल, या अल्टरनेटरला ३० च बरा. प्लसची वायर बदलतोच, ६० चा फ्यूज पुढच्या बॅटरीपाशी आहे तिथंच राहील. छतावर अजून एक पॅनल टाकणार होतो, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की नको, रंकाळ्यावर गाडी झाडाखालीच लावावी लागली आणि छतावरचं २०० वॉट सावलीत काहीच देत नव्हतं, उन्हात लावली तर आत बसवत नाही. त्यापेक्षा घडीचं पॅनल घेऊन लांब वायरनं बाहेर उन्हात ठेवलेलं बरं. कुणी वापरत असेल तर बिजागऱ्या टिकतात का तेवढं सांगा.

आणि वायर बदलायचीच आहे तर मायनसही बॉडीवर न सोडता वेगळ्या केबलनं थेट पुढच्या बॅटरीपर्यंत न्यावा असं आता डोक्यात आलंय, गंज आणि पेंटची कटकटच नको. ज्यांच्याकडं ट्रॅव्हलर आहे त्यांनी ड्रायव्हर सीटच्या मागनं खाली केबल कुठनं काढली त्याचे फोटो टाका, जाग्यावरचं रबर ग्रोमेट (पत्र्याच्या भोकातलं रबरी कडं) पुरतं की नवीन भोक पाडावं लागतं ते बघायचंय.